मोठे काडतूस आणि बेताची रायफल

पाउल माउझर यांची १८९८ सालची बोल्ट-ॲक्शन (हाताने मागेपुढे सरकवायच्या पोलादी दांड्याने, म्हणजे बोल्टने, बंद होणारी) रायफल जर्मन सैन्यासाठी घडवलेली होती, आणि तिची सगळी मापे ५७ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीवर (काडतुसाच्या दारू भरलेल्या धातूच्या नळीवर) बेतलेली होती. गोळी धरून ते काडतूस सुमारे ८२ मिलिमीटर भरते. हत्ती आणि आफ्रिकी रानम्हशीच्या शिकारीसाठी इंग्लंडमध्ये जी काडतुसे निघाली, त्यांपैकी १९११ चे .४१६ रिग्बी ९५ मिलिमीटर लांब आहे, तर १९१२ चे .३७५ हॉलंड अँड हॉलंड ९१ मिलिमीटर. साध्या मापाच्या रायफलीत अशी काडतुसे बसवण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालत आले आहेत. त्यांत नवी नळी लावून तिचे चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, मोठे कोरणे हा भाग सर्वांत सोपा असतो. खरी अडचण नळीच्या मागे सुरू होते.

गोळी सुटते त्या क्षणी पेटलेल्या दारूचा वायू गोळीला पुढे रेटतो, तसाच पुंगळीच्या बुडालाही मागे रेटतो. हा रेटा बोल्टवर येतो आणि बोल्टच्या टोकाशी असलेल्या दोन जाड लगांमार्फत (अडकणाऱ्या पोलादी उंचवट्यांमार्फत) रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावर, जातो. रेटा म्हणजे दाब गुणिले बुडाचे क्षेत्रफळ. आजच्या युरोपीय मानकानुसार माउझरच्या मूळ ८ मिलिमीटर काडतुसाचा कमाल दाब ३९० मेगापास्कल आहे आणि बुडाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर; त्यावरून रेटा साडेचार टन वजनाइतका येतो. .३७५ साठी ४३० मेगापास्कल आणि १३ मिलिमीटर धरले, तर तो पावणेसहा टनांच्या पुढे जातो. गंमत अशी की .४१६ रिग्बीचा दाब अवघा ३२५ मेगापास्कल असूनही त्याचे बूड १५ मिलिमीटर रुंद असल्यामुळे उत्तर जवळजवळ तेवढेच येते. (बाहेरचा व्यास घेतल्याने हे आकडे थोडे चढे आहेत, पण तुलनेला ते पुरतात.) म्हणून ‘कमी दाबाचे काडतूस, म्हणजे रायफलीला सोपे’ हा समज अर्धाच खरा आहे.

रेटा सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, आणि नेमके त्याच वेळी तो पेलणारे पोलाद कमी करावे लागते. लांब काडतूस मावण्यासाठी मॅगझिनची, म्हणजे काडतुसांच्या पेटीची, पोकळी पुढे वाढवायची, तर काडतूस ज्या उतारावरून चेंबरमध्ये चढते तो उतार तासावा लागतो, आणि खालच्या लगाला टेकू देणारा पोलादाचा भाग त्या उताराला लागूनच असतो. त्यातून जुन्या माउझर रिसीव्हरांचे पोलाद कमी कार्बनचे असून फक्त पृष्ठभाग कठीण केलेला असे. तो थर निघाला किंवा मुळातच पातळ असला, तर लगाची बैठक हळूहळू आत दबते, बोल्ट आणि पुंगळीच्या बुडातले अंतर वाढते, आणि पुंगळी ताणली जाऊन फाटण्याचा धोका निर्माण होतो. माझ्या मते केवळ या एका कारणामुळेही जुना लष्करी रिसीव्हर लांब करण्याचा हट्ट धरू नये.

मॅगझिनचे गणितही कडक आहे. दोन ओळींत तिरकी रचलेली काडतुसे एकमेकांना ६० अंशांच्या कोनात टेकावीत, यासाठी पेटीची आतली रुंदी काडतुसाच्या व्यासाच्या १.८७ पट लागते: १२ मिलिमीटरला साडेबावीस, १५ मिलिमीटरला २८. रुंदी चुकली की काडतुसे पाचरीसारखी अडकतात. बोल्टचे तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) पकड यांनाही पुंगळीच्या बुडाच्या नव्या कडेचे माप द्यावे लागते.

यावर दोन वाटा निघाल्या. रिग्बी कंपनीने माउझरकडून लांब रिसीव्हरच बनवून घेतले. दुसरी वाट काडतूसच रायफलीच्या मापाचे करण्याची. वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज बंदूक कंपनीच्या १९०९ च्या .४२५ काडतुसाची कडा पुंगळीपेक्षा बारीक ठेवली होती, म्हणजे साध्या माउझर बोल्टचे तोंड बदलावे लागू नये. मात्र बारीक कडेमुळे बोल्ट कधी कधी काडतुसावरून घसरून पुढे जात असे. १९५६ च्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमची पुंगळी ६३.५ मिलिमीटरवर आणली, त्यामुळे पूर्ण काडतूस ८५ मिलिमीटरमध्ये बसले. त्याची किंमतही मोजावी लागली: दारू दाबून भरावी लागे आणि वेगाबद्दल तक्रारी येत. पुढे अमेरिकी शिकारी जॅक लॉट यांनी पुंगळी ७१ मिलिमीटरची करून ही उणीव भरून काढली, पण तिच्यासाठी पुन्हा लांब रिसीव्हर हवा झाला.

उरतो धक्का. चार किलोच्या रायफलीत .३०-०६ या साध्या मापाच्या अमेरिकी काडतुसाचा मागे येणारा संवेग ढोबळ हिशोबाने १४ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो, .४५८ चा २६. संवेग दुपटीच्या आतच असला, तरी धक्क्याची ऊर्जा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: २५ जूलवरून ८० च्या पुढे. लाकडी दस्ता अशा वेळी रिसीव्हरच्या मागे चिरतो, म्हणून नळीखाली धक्का दस्त्यावर पोचवणारा दुसरा लग बसवतात आणि दस्त्यातून आडवे पोलादी स्क्रू घालतात. ज्या देशांत युरोपीय मानक लागू आहे, तिथे अशी बदललेली रायफल कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाच्या काडतुसांनी तपासली जाते, आणि त्यानंतर बोल्ट आणि पुंगळीच्या बुडातले अंतर पुन्हा तपासले जाते.