क्रूझची केबिन घेण्याआधी बाळासकट डोकी मोजा

मे महिन्याच्या सुट्टीची चौकशी सुरू झाली की आमच्या सहलींच्या ऑफिसात रोज एक-दोन फोन सारखेच येतात. "आम्ही चौघं आहोत, चार जणांची केबिन बघा." केबिन ठरते, पैसे भरले जातात. मग जहाज सुटायला तीन आठवडे उरलेले असताना पासपोर्टच्या प्रती येतात, त्या पाच. "ही छोटीची आहे. दहा महिन्यांची आहे हो ती, आमच्यातच झोपेल."

यात कुणाचा निष्काळजीपणा नाही, सवय तशी लागलेली आहे. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. रेल्वेत तेवढ्याच वयाचं मूल वेगळा बर्थ न घेता फुकट जातं. विमानात दोन वर्षांपर्यंत मांडीवर चालतं. जहाजावर मात्र मांडीची सोय नाही. आठ महिन्यांचं बाळ आणि ऐंशी वर्षांचे आजोबा, दोघंही मोजणीला एकेक डोकं.

याचं कारण पलंगात नाही, बोटीत आहे. जहाजाच्या दोन्ही अंगांना ज्या लाइफबोटी टांगलेल्या दिसतात, त्यात आणि सोबतच्या तराफ्यांत जहाजावरच्या प्रत्येक माणसाला जागा असलीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडालं तेव्हा जहाजावर सुमारे २,२०० माणसं होती आणि बोटींत जागा होती १,१७८ जणांची. त्यानंतर १९१४ मध्ये सोलास हा सागरी सुरक्षेचा करार झाला आणि तो पुढे वेळोवेळी कडक होत गेला. चोवीस तासांहून मोठ्या सफरीत जहाजावर जितकी तान्ही बाळं, तितकी तान्ह्या बाळांच्या मापाची लाइफजॅकेटं ठेवावी लागतात. बाळाचं नाव यादीत नसेल तर ते जॅकेट जहाजावर आणून ठेवणार कोण?

प्रत्येक केबिन जहाजावरच्या एका ठरावीक मस्टर स्टेशनला जोडलेली असते, म्हणजे संकटात त्या खोलीतल्या लोकांनी कुठे जमायचं ते आधीच ठरलेलं असतं. त्या स्टेशनची माणसं भरली की केबिनमध्ये चौथा बर्थ रिकामा असला तरी कंपनी तिथे चौथं नाव घालू देत नाही. "अहो, आत पलंग आहे, मी फोटोत पाहिलाय," असं आम्हाला पुष्कळदा ऐकावं लागतं. पलंग असतो, हे खरं आहे. बोटीतली जागा संपलेली असते.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. आई-वडील, आठ वर्षांची मुलगी आणि आजी, अशी चौघांची केबिन सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजावर घेतली होती. बाळाचं नाव सहल महिन्यावर आल्यावर कळलं. पाच जणांची केबिन शिल्लक नव्हती, आहे त्या केबिनमध्ये पाचवं नाव घालता येत नव्हतं. आजी आमच्यासमोरच खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी राहते घरी, पोरं जाऊ देत." सहल त्यांच्याच पंच्याहत्तरीची होती. शेवटी दुसरी केबिन मिळाली, पण ती चार मजले खाली, आणि चढ्या दराने. पहिल्याच फोनवर पाच सांगितलं असतं तर शेजारी शेजारी दोन केबिन मिळाल्या असत्या, त्याही कमी पैशांत.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्टवरची जन्मतारीख लिहून घेतल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही. काहींना ते आवडत नाही. "मोबाइलवर दोन मिनिटांत दर दिसतो, तुम्ही एवढी चौकशी कशाला करता?" असं विचारतात. मोबाइलवर दिसतो तो दर बहुतेक वेळा एका केबिनमध्ये दोन मोठी माणसं धरून काढलेला, दर माणशी असतो. तुमचं घर त्यात धरलेलंच नसतं. पुष्कळ कंपन्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं लावतात आणि त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याला कमी. म्हणजे बाळाचं नाव लपवून काही वाचत नाही, आणि आधी सांगून फार काही जातही नाही. बंदराचे कर मात्र बाळालाही लागतात.

वय मोजायचं ते जहाज सुटण्याच्या दिवशीचं, पैसे भरण्याच्या दिवशीचं नाही. बहुतेक कंपन्या सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाच घेतात, आणि लांबच्या समुद्रपार सफरींना बारा महिने लागतात. घरात बाळ यायचं असेल तर तेही आम्हाला सांगा. सफर संपेपर्यंत गरोदरपणाचे तेवीस आठवडे उलटणार असतील तर बहुतेक कंपन्या त्या आईला जहाजावर घेत नाहीत. दिवाळीत ठरवलेली मे महिन्याची सहल यातच अडकते. बातमी आमच्याकडेच राहील.

आता झोपण्याचं. साधी केबिन बाथरूम धरून दीडशे चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे दहा बाय पंधराची खोली समजा. काही जहाजांवर याहूनही लहान. मुंबईहून गोव्याला जाणारं एम्प्रेस हे जहाज १९९० सालच्या बांधणीचं आहे आणि त्या काळी खोल्या आटोपशीरच बांधत. खाली दोन पलंग असतात, ते जोडून डबल बेड होतो. तिसरा-चौथा माणूस सोफा-कम-बेडवर किंवा वरच्या बर्थवर. हा बर्थ दिवसा भिंतीत किंवा छतात मिटलेला असतो. संध्याकाळी तुम्ही जेवायला गेलात की केबिनचा माणूस येऊन तो उघडतो, शिडी लावतो आणि सकाळी पुन्हा मिटवून जातो.

ऐकायला हे सुटसुटीत वाटतं, पण रात्री दोनचं चित्र डोळ्यांसमोर आणा. वर दोन मुलं, शिडी आईच्या उशीला टेकलेली, आणि बाळासाठी मागितलेली कॉट सोफा आणि ड्रेसिंग टेबलाच्या मधे उघडलेली. कॉट बहुतेक ठिकाणी फुकट मिळते, आधी सांगून ठेवावी लागते. पण ती उघडली की बाथरूमची वाट बुजते. आतली, खिडकी नसलेली केबिन असेल तर मिट्ट काळोख असतो. बाथरूमचा दिवा लावून दार बोटभर उघडं ठेवा. सोबत लहान नाइट लॅम्प नेलात तर आणखी बरं.

सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बर्थवर झोपवू नका. बंक बेडच्या बाबतीत अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाची हीच सूचना आहे आणि इथे तर खालची जमीनसुद्धा हलत असते. साठीपुढच्या माणसाला शिडी चढायला लावू नका, तब्येत कितीही ठणठणीत असो. मग चौघांच्या केबिनमध्ये आजी आणि पाच वर्षांचा नातू असतील तर वर कोण जाणार? आई आणि बाबा. हे आधी घरात ठरवा, कारण वरच्या बर्थला वजनाची मर्यादा असते आणि काही केबिनमध्ये वरचे बर्थ उघडले की खालचे पलंग जोडता येत नाहीत. आमच्याकडे आलात तर त्या त्या केबिनचा नकाशा समोर ठेवून कोण कुठे झोपेल ते पेन्सिलीने लिहून देतो. पंधरा मिनिटं लागतात.

पाच-सहा जणांच्या घराला आम्ही शक्यतो आतून दार असलेल्या दोन केबिन सुचवतो. लोकांना वाटतं आम्ही दुसरी केबिन खपवतोय. हिशेब करून बघा: बाथरूम दोन होतात, आजी-आजोबा नऊला दिवा घालवू शकतात, आणि एका मोठ्या फॅमिली केबिनच्या दरापेक्षा फारसा फरक पडत नाही, कधी कधी तर स्वस्तच पडतं. 'शेजारची' केबिन आणि 'आतून जोडलेली' केबिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मागताना नेमका शब्द वापरा. कागदावर दोन्ही खोल्यांत एकेक मोठं माणूस दाखवावं लागतं, म्हणून पावतीवर नवरा-बायकोची नावं वेगवेगळ्या केबिनवर दिसतील. घाबरू नका. आत गेल्यावर कोणी कुठे झोपायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, चाव्याही मागून घेता येतात.

घरात कुणाला चालायचा त्रास असेल तर पुढचं नीट वाचा. साध्या केबिनचं दार पुष्कळ जहाजांवर २३-२४ इंचांचंच असतं आणि आपल्याकडच्या मोठ्या माणसाच्या व्हीलचेअर आम्ही मोजल्या त्या २४ ते २६ इंच भरल्या. एक-दोन इंचांसाठी खुर्ची दारातच अडते. ती बाहेर कॉरिडॉरमध्येही ठेवू देत नाहीत, आग लागली तर बाहेर पडण्याची वाट तीच असते. बाथरूमला चार-सहा इंचांचा उंबरठा असतो, तो तर धडधाकट माणसालाही पहिल्या दिवशी ठेच लावतो.

व्हीलचेअरसाठी बांधलेल्या केबिनचं दार ३२ इंचांचं किंवा त्याहून रुंद असतं, उंबरठा नसतो, न्हाणीत धरायला दांड्या आणि बसायला घडीची बैठक असते, खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागा असते. मात्र दीड हजार खोल्यांच्या जहाजावर अशा केबिन पंचवीस-तीसच, आणि त्या सगळ्यात आधी संपतात. त्या ऐसपैस असतात म्हणून गरज नसलेले लोकही मागतात. आम्ही देत नाही. कंपनी त्यासाठी गरजेचा फॉर्म भरून घेते आणि खोटा फॉर्म भरायचा नाही हे आमचं पक्कं आहे. तशा खोट्या फॉर्ममुळे खरी गरज असलेल्या एखाद्या घरच्या आजोबांची सहल हुकते.

आजोबा दहा पावलं चालू शकत असतील तर खास केबिन नसली तरी जमतं. घडीची खुर्ची न्या, लिफ्टजवळची, जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, तिथे हेलकावाही कमी लागतो. न्हाणीतलं स्टूल आणि कमोडवरची उंच बैठक पुष्कळ जहाजांवर आधी कळवलं तर मिळते. जहाजावरची व्हीलचेअर मात्र फक्त चढण्या-उतरण्यापुरती असते, दिवसभर वापरायला स्वतःचीच लागते.

शिवाय बंदर बघा. गोव्यात जहाज मुरगावला धक्क्याला लागतं, खुर्ची उतारावरून खाली नेता येते. लक्षद्वीपला तसं नाही. जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि हलत्या लहान बोटीत पाय टाकून उतरावं लागतं. लाट असेल तर व्हीलचेअरवरच्या माणसाला उतरू देत नाहीत. आजोबांना समुद्र बघायचा असेल तर लक्षद्वीपची सफर जहाजावरूनही सुंदर दिसते. वाळूवर पाय टेकवायचे असतील तर आम्ही गोवा सुचवतो, त्यात आमचं कमिशन कमी आहे तरीही.

ऑफिसच्या मागच्या खोलीत फरशीवर पट्टी चिकटवून साध्या केबिनचा आकार आखून ठेवला आहे: पलंग, सोफा, दार, मधली वाट, सगळं मापात. मुलांना घेऊन या, त्यात उभं राहून बघा. येताना सगळ्यांचे पासपोर्ट आणा आणि व्हीलचेअर असेल तर तीही आणा. टेप आमच्याकडे आहे.