नगरच्या हॉटेलातून रिओच्या मैदानात: दीपा मलिक यांच्या पदकामागची वर्षं

12 सप्टेंबर 2016 रोजी रिओमध्ये दीपा मलिक यांनी 4.61 मीटर गोळा फेकला आणि रौप्यपदक पटकावलं. पॅरालिम्पिक, म्हणजे अपंग खेळाडूंचं ऑलिम्पिक; त्यात पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. भारत या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला 1968 साली, तेल अवीवला. मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडलबर्गला जलतरणात देशाचं पहिलं सुवर्ण आणलं. तिथून पुढे एखाद्या भारतीय महिलेच्या गळ्यात पदक पडायला 44 वर्षं जावी लागली. ते पडलं तेव्हा दीपांना 46 पूर्ण व्हायला अठरा दिवस बाकी होते.

त्यांच्याविषयी लिहिलं जातं तेव्हा 31 शस्त्रक्रिया आणि खांद्यांच्या मधोमध पडलेले 183 टाके हे आकडे हमखास येतात. ते खरेच आहेत. लहानपणी त्यांना मणक्यात गाठ झाली होती, त्यातून त्या बऱ्याही झाल्या. 1999 मध्ये गाठ पुन्हा उद्भवली. लष्करात असलेले पती तेव्हा कारगिलच्या युद्धात होते आणि घरी दोन लहान मुली होत्या. शस्त्रक्रियेनंतर छातीखालच्या शरीराची हालचाल कायमची गेली. पण या आकड्यांपाशीच थांबलं की खेळाडू म्हणून त्यांनी काय केलं ते झाकोळून जातं, आणि मला ते फार खटकतं.

खेळाची सुरुवात झाली ती आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथे दीपा ‘डीज प्लेस’ नावाचं हॉटेल चालवत होत्या. मोटारसायकलची त्यांना पहिल्यापासून ओढ. आपल्या शरीराला जमेल अशी गाडी बनवून घेऊन चालवायची, तर खांद्यांत ताकद हवी, म्हणून त्या पोहायला लागल्या. वय 36. एवढ्या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीचा विचार करत असतात. 2006 मध्ये क्वालालंपूरला झालेल्या शेवटच्या फेस्पिक, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या अपंग खेळाडूंच्या स्पर्धेत त्यांनी जलतरणात रौप्य मिळवलं. 2008 मध्ये अलाहाबादला यमुनेच्या प्रवाहाविरुद्ध एक किलोमीटर पोहल्या. महाराष्ट्र शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. जन्म हरियाणातल्या सोनिपत जिल्ह्यातला, पण खेळाडू म्हणून त्या घडल्या इथे. मराठी वाचकाला हे ठाऊक असायला हवं.

पाण्यातून त्या मैदानात आल्या आणि गोळा, थाळी आणि भाला या फेकीच्या तीन प्रकारांत उतरल्या. 2010 मध्ये ग्वांगझूच्या पहिल्या आशियाई पॅरा स्पर्धेत भालाफेकीत कांस्य, 2011 मध्ये क्राइस्टचर्चच्या जागतिक स्पर्धेत गोळाफेकीत रौप्य, 2012 मध्ये अर्जुन पुरस्कार, 2014 मध्ये इंचिऑनच्या आशियाई पॅरा स्पर्धेत भालाफेकीत रौप्य. शिवाय हिमालयातल्या मोटार रॅलीतही भाग घेतला.

पॅरा खेळांत अपंगत्वानुसार खेळाडूंचे वर्ग पाडतात. त्यांचा वर्ग एफ 53. ‘एफ’ म्हणजे मैदानी फेकीचे प्रकार, आणि पन्नाशीतले आकडे बसून फेकणाऱ्यांचे. आकडा जितका लहान, तितकं अपंगत्व जास्त. फेकण्यासाठी लोखंडी चौकटीची खास खुर्ची असते. गादीसकट तिची उंची 75 सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये. ती पट्ट्यांनी जमिनीला आवळून बांधतात, मग खेळाडूचे पाय आणि मांड्या खुर्चीला बांधतात. फेकताना बैठक उचलली गेली तर फेक बाद. उभ्याने गोळा फेकणारा पायांतून, कमरेतून जोर आणतो. इथे पोट आणि कंबर साथ देत नाहीत. उरतात खांदा, दंड आणि मनगट. 4.61 मीटर हा आकडा वाचताना हे डोळ्यांसमोर असावं. त्या दिवशी सुवर्ण जिंकणाऱ्या बहरीनच्या फातिमा नेधाम यांची फेकही 4.76 मीटरच होती. दोघींमध्ये वीतभराहूनही कमी अंतर.

रिओच्या आधीचं वर्ष भारतीय पॅरा खेळांसाठी वाईट होतं. मार्च 2015 मध्ये गाझियाबादला राष्ट्रीय पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. खेळाडूंना अर्धवट बांधलेल्या इमारतीत उतरवलं होतं, व्हीलचेअरवरच्यांना स्वच्छतागृहापर्यंत पोहोचणंही मुश्कील होतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने भारतीय पॅरालिम्पिक समितीला निलंबित केलं. अशा कारभाराखाली सराव करत राहिलेल्या खेळाडूंनी रिओहून चार पदकं आणली: मरियप्पन थंगवेलू आणि देवेंद्र झाझरिया यांची सुवर्णं, दीपांचं रौप्य, वरुणसिंग भाटीचं कांस्य.

2017 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत भाला आणि थाळी, दोन्हींत कांस्य. भालाफेकीत एफ 53 आणि एफ 54 एकत्र खेळवले होते, म्हणजे दीपांपेक्षा शरीरावर जास्त ताबा असलेल्या खेळाडूंशी सामना. पॅरा खेळांत हे नेहमीचं आहे. एखाद्या वर्गात पुरेशा खेळाडू नसल्या की वर्ग जोडले जातात, नाहीतर प्रकारच वगळला जातो. रिओनंतरच्या टोकियो पॅरालिम्पिकच्या कार्यक्रमात महिलांची एफ 53 गोळाफेक नव्हतीच. ज्या प्रकारात रौप्य मिळालं, त्यात पुन्हा उतरण्याची संधीच राहिली नाही. खेळाडूच्या हातात नसलेली ही गोष्ट किती जणींची कारकीर्द संपवत असेल.

2019 मध्ये दीपांना खेलरत्न मिळालं. 2020 च्या सुरुवातीला त्या भारतीय पॅरालिम्पिक समितीच्या अध्यक्ष झाल्या. खेळत असताना असं पद घेता येत नव्हतं, म्हणून निवृत्ती आधीच, सप्टेंबर 2019 मध्ये कळवली होती. लोकांना ती समजली मे 2020 मध्ये. त्या अध्यक्ष असताना भारताने टोकियोत 19 पदकं जिंकली. अवनी लेखराचं नेमबाजीतलं सुवर्ण त्यातलंच, भारतीय महिलेचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण.

मैदानी खेळांत मात्र पुढचं महिला पदक यायला 2024 उजाडलं. पॅरिसमध्ये प्रीती पालने 100 आणि 200 मीटर धावण्यात कांस्यपदकं जिंकली, दीप्ती जीवनजी आणि सिमरन शर्मा यांनीही कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेच्या उद्घाटनाला भारताचा ध्वज दोघांच्या हाती होता, भालाफेकपटू सुमित अंतिल आणि नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव. भाग्यश्रीही बसूनच गोळा फेकते.