फ्लामेंगो : २०१९चा हंगाम

ब्राझीलमधील रिओ दे जानेरो येथील क्लुबी दे रेगातास दो फ्लामेंगो या क्लबच्या फुटबॉल संघाचा जानेवारी ते डिसेंबर २०१९ मधील हंगाम. या वर्षात संघाने रिओ राज्य अजिंक्यपद, ब्राझीलची राष्ट्रीय साखळी स्पर्धा (ब्राझिलेराव) आणि दक्षिण अमेरिका खंडाची कोपा लिबर्तादोरेस अशी तीन विजेतेपदे मिळवली. ब्राझीलचा करंडक (कोपा दो ब्राझील) आणि क्लब विश्वचषक मात्र हुकले.

युरोपातील बहुतेक देशांत हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. ब्राझीलमध्ये हंगाम म्हणजे कॅलेंडर-वर्ष. २०१९ मध्ये पहिले तीन-चार महिने राज्यस्तरीय सामने, एप्रिलअखेर ते डिसेंबर ३८ फेऱ्यांची साखळी, आणि याच काळात आठवड्याच्या मधल्या दिवशी करंडकाचे व खंडीय सामने अशी रचना होती. त्यामुळे आठवड्याला दोन सामने हा नेम असतो. साखळीत तीन पिवळी कार्डे साठली की एका सामन्याची बंदी येते. राखीव खेळाडूंची फळी भक्कम नसेल तर संघ सप्टेंबरपर्यंत थकतो आणि कोणती तरी एक स्पर्धा सोडून देतो. फ्लामेंगोने कोणतीच सोडली नाही, हे या हंगामाचे वेगळेपण.

वर्षाच्या आरंभी क्रुझेरोकडून उरुग्वेचा जॉर्जियन दे आरास्काएता, सांतोसकडून ब्रुनो एन्रिके, साओ पावलोकडून रॉद्रिगो कायो आणि इंटर मिलानकडून उसना गाब्रिएल बार्बोसा (गाबिगोल) असे खेळाडू आले. ८ फेब्रुवारी रोजी पहाटे क्लबच्या सराव केंद्रातील युवा खेळाडूंच्या कंटेनर-वसतिगृहाला आग लागून १४ ते १६ वर्षांच्या दहा मुलांचा मृत्यू झाला. एप्रिलमध्ये अंतिम फेरीचे दोन्ही सामने २–० असे जिंकून संघाने वास्को दा गामाविरुद्ध राज्य अजिंक्यपद मिळवले. मेअखेर प्रशिक्षक आबेल ब्रागा यांनी राजीनामा दिला आणि पोर्तुगालच्या जॉर्जे जेझूस यांची नेमणूक झाली. कोपा अमेरिका स्पर्धा त्या वर्षी ब्राझीलमध्येच असल्याने जून-जुलैत क्लब फुटबॉल थांबले होते. भर हंगामात नव्या प्रशिक्षकाला सरावासाठी सलग काही आठवडे मिळणे ब्राझीलमध्ये दुर्मिळ. पुढील यशाचे श्रेय देताना ही विश्रांती सहसा विसरली जाते. याच सुमारास राफिन्या, फिलिपे लुईस, पाब्लो मारी आणि जेर्सन हे युरोपातून दाखल झाले.

खेळपद्धती ४-४-२ची (चार बचावपटू, चार मधल्या फळीतले, दोन आघाडीचे), पण आक्रमणात दोन्ही बाजूंचे बचावपटू पुढे सरकत आणि ब्रुनो एन्रिके डावीकडून धाव घेई. खरा भर बचावफळी मध्यरेषेजवळ ठेवण्यावर होता. चेंडू गमावताच जवळचे दोघे-तिघे लगेच अंगावर जात. मागचे चौघे एकत्र पुढे येऊन प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइडमध्ये (चेंडू दिला जाताना बचावफळीच्या पलीकडे असण्याचा नियमभंग) अडकवत. पहिला दबाव फसला की मागे मोठी मोकळी जागा उरते, हा पद्धतीचा दोष. ४ ऑगस्टला बाहियाने ३–० असा विजय मिळवला आणि नोव्हेंबरात वास्कोशी ४–४ बरोबरी झाली, तेव्हा तो उघड झाला. बाहियानंतर मात्र सलग २४ साखळी सामन्यांत संघ हरला नाही. पुढचा पराभव शेवटच्या फेरीत सांतोसकडून (०–४) झाला, तेव्हा विजेतेपद केव्हाच निश्चित होते.

साखळीचा हिशेब असा : ३८ सामने, २८ विजय, ६ बरोबरी, ४ पराभव; ८६ गोल केले, ३७ स्वीकारले; ९० गुण. दुसऱ्या क्रमांकावरील सांतोसला ७४ गुण होते. गाब्रिएलने २५ गोल केले. २० संघांच्या रचनेतील (२००६ पासून) ९० हा उच्चांक ठरला. क्रुझेरोचे २००३ मधील १०० गुण २४ संघांच्या, ४६ सामन्यांच्या साखळीतले असल्याने थेट तुलना करता येत नाही.

हे कितवे राष्ट्रीय विजेतेपद, याबद्दल एकमत नाही. ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाच्या नोंदीनुसार सहावे (आधीची १९८०, १९८२, १९८३, १९९२, २००९), क्लबच्या मते सातवे. वाद १९८७चा आहे. त्या वर्षी स्पर्धा भरवण्यास पैसे नाहीत असे महासंघाने जाहीर केल्यावर मोठ्या क्लबांनी ‘तेरांचा क्लब’ ही संघटना काढून स्वतःची स्पर्धा आखली. पुढे महासंघाने तिला हिरवा गट ठरवून इतर संघांचा पिवळा गट जोडला आणि दोन्ही गटांतील पहिल्या दोन संघांत निर्णायक लढती ठेवल्या. ही अट मोठ्या क्लबांनी मान्य केली होती का, हा कळीचा प्रश्न. त्यांच्या वतीने वास्कोचे पदाधिकारी एउरिको मिरांदा यांनी संमती दिल्याचे सांगितले जाते. फ्लामेंगोची बाजू ते अधिकारपत्र मानत नाही. हिरव्या गटात फ्लामेंगोने इंतेर्नासिओनालला हरवले (१–१, १–०). पिवळ्या गटाची अंतिम लढत पेनल्टींवर ११–११ असताना थांबवून स्पोर्ट रेसिफे व ग्वारानी यांनी गटाचे विजेतेपद वाटून घेतले. निर्णायक फेरीत फ्लामेंगो आणि इंतेर्नासिओनाल उतरलेच नाहीत. स्पोर्टने ग्वारानीला हरवले आणि १९८८च्या लिबर्तादोरेसमध्ये हेच दोघे खेळले. फेब्रुवारी २०११ मध्ये महासंघाने फ्लामेंगो आणि स्पोर्ट या दोघांनाही विजेते मानले, पण न्यायालयीन आदेशामुळे काही महिन्यांतच माघार घेतली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या पीठाने स्पोर्टच एकमेव विजेता हा निकाल कायम केला. मोठे क्लब हिरव्या गटात होते, हा मैदानी ताकदीचा मुद्दा फ्लामेंगोच्या बाजूने मांडता येतो; तरी प्रस्तुत नोंदीत महासंघाची गणना ग्राह्य धरली आहे.

फ्लामेंगोच्या या यशाबद्दल केले जाणारे ‘सांतोसनंतर प्रथमच एका वर्षात राष्ट्रीय व खंडीय विजेतेपद’ हे विधानही जपून वाचावे. सांतोसने १९६२ व १९६३ या दोन्ही हंगामांत तासा ब्राझील (तेव्हाची राष्ट्रीय करंडक स्पर्धा) आणि लिबर्तादोरेस जिंकल्या. मात्र १९६२ची तासा ब्राझील एप्रिल १९६३ मध्ये आणि १९६३ची जानेवारी १९६४ मध्ये संपली. शिवाय तासा ब्राझीलला राष्ट्रीय अजिंक्यपदाचा दर्जा महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये दिला. हंगाम हे एकक धरल्यासच तुलना नीट बसते.

लिबर्तादोरेसच्या गटात फ्लामेंगो, इक्वेडोरमधील किटोचा एलडीयू आणि उरुग्वेचा पेन्यारोल या तिघांचेही १० गुण झाले. गोलफरकावर फ्लामेंगो पहिला आला आणि पेन्यारोल बाहेर पडला. सलामी बोलिव्हियातील ओरुरो येथे, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर होती (१–०). विरळ हवेत चेंडूला विरोध कमी मिळतो, तो वेगाने व लांब जातो, कमी वळतो. गोलरक्षकाचा अंदाज चुकतो आणि दोन धावांमध्ये दम परत यायला वेळ लागतो. शरीर रुळायला आठवडे लागतात, तेवढी सवड नसल्याने पाहुणे संघ बहुधा सामन्याच्या काही तास आधीच वर पोहोचतात. उंचावरील किटोत मात्र फ्लामेंगो १–२ असा हरला.

बाद फेऱ्यांत त्या वेळी परक्या मैदानावरील गोलाला जादा वजन होते (२०२२ पासून नियम रद्द) आणि अंतिम सामना वगळता जादा वेळ नसे; बरोबरी राहिली की थेट पेनल्टी. इक्वेडोरच्या एमेलेकविरुद्ध ०–२ व २–० झाल्यावर फ्लामेंगो पेनल्टींवर ४–२ असा वाचला. इंतेर्नासिओनालवर २–० व १–१, ग्रेमिओवर १–१ व ५–० असे निकाल लागले.

अंतिम फेरी प्रथमच एका सामन्याची होती. चिलीतील आंदोलनामुळे ती सांतियागोहून लिमाला हलवण्यात आली. २३ नोव्हेंबरला अर्जेंटिनाच्या गतविजेत्या रिव्हर प्लेटने १४व्या मिनिटाला राफाएल बोरेच्या गोलाने आघाडी घेतली व ती शेवटपर्यंत टिकवत आणली. गाब्रिएलने ८९व्या आणि ९०+२ मिनिटाला गोल करून २–१ असा निकाल फिरवला. क्लबचे आधीचे लिबर्तादोरेस विजेतेपदही २३ नोव्हेंबरचेच, १९८१ मधले. त्या संघाचा नायक झिको (हाच पुढे २०१४ ते २०१६ एफसी गोवाचा प्रशिक्षक होता). लिबर्तादोरेस जिंकणारे जेझूस हे मिर्को योझिच (कोलो-कोलो, १९९१) यांच्यानंतरचे दुसरे युरोपीय प्रशिक्षक. दुसऱ्याच दिवशी पाल्मेइरास ग्रेमिओकडून हरल्याने साखळीही फ्लामेंगोच्या नावावर झाली.

ब्राझीलच्या करंडकात उपांत्यपूर्व फेरीत आतलेतिको पारानाएन्सेने दोन १–१ बरोबऱ्यांनंतर पेनल्टींवर बाहेर काढले; पुढे तोच संघ विजेता ठरला. क्लब विश्वचषकात कतार येथे अल-हिलालला ३–१ असे हरवल्यावर २१ डिसेंबरला लिव्हरपूलकडून जादा वेळेत ०–१ असा पराभव झाला. गोल रोबेर्तो फिर्मिनोचा. जानेवारी २०२० मध्ये मारी आर्सेनलकडे गेला. जेझूस जुलैत पोर्तुगालच्या बेनफिका क्लबकडे परतले.