रोलरने मोटार रंगवताना प्रायमर

घरच्या घरी रोलरने मोटार रंगवताना वरच्या रंगाखाली दिला जाणारा पायाचा थर. रंगाला पकड देणे, पत्र्याला ओलावा लागू न देणे आणि लांबीला (खड्डे बुजवायच्या पुट्टीला) रंग पिऊ न देणे ही त्याची कामे.

सबंध गाडीला प्रायमर लागतोच असे नाही. कारखान्यातला रंग घट्ट बसलेला असेल तर त्याच्याइतका चांगला पाया दुसरा नाही. ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायच्या घासकागदाने) त्याची चकाकी मारली की पुरे. त्यावर प्रायमर चढवण्याने जाडी आणि घासकाम तेवढे वाढते. या रंगाच्या तळाशी विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर असतो. तो घरी पुन्हा देता येत नाही, म्हणून पत्रा दिसेपर्यंत घासू नये.

पत्रा उघडा पडलाच, तर दोन घटकांचा (हार्डनर, म्हणजे कडक करणारा घटक, मिसळून वापरायचा) एपॉक्सी प्रायमर सर्वांत भरवशाचा. साधे एकघटकी प्रायमर बहुधा सच्छिद्र असतात. तेवढ्यावर गाडी उघड्यावर ठेवली तर आतून गंज धरतो. पत्रा किंचित खाऊन पकड घेणाऱ्या आम्लयुक्त एच (etch) प्रायमरवर पॉलिएस्टर लांबी भरू नये, ती नीट कडक होत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या उघड्या पत्र्यावर थेट ऑइल पेंट लावला, तर कालांतराने पापुद्रे सुटतात.

रोलर दाट, बारीक फोमचा घ्यावा. लोकरी रोलरचे धागे रंगात अडकतात. तरीही पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत उरतोच, आणि वरचा चकचकीत रंग तो झाकण्याऐवजी उठून दाखवतो. म्हणून वाळलेल्या प्रायमरवर काळ्या स्प्रेचा विरळ फवारा मारतात आणि ठोकळ्याला गुंडाळलेल्या वॉटर पेपरने घासतात. उंचवट्यांवरचा काळेपणा आधी जातो, खळग्यांत ठिपके उरतात. ते जाईपर्यंत घासायचे. मध्येच पत्रा चमकला तर तिथे पुन्हा प्रायमर. रोलरकामातली खरी मेहनत इथेच आहे, रंग लावण्यात नव्हे.

जुना रंग कशाचा आहे हे ठाऊक नसेल तर थिनरची चिंधी कोपऱ्यात घासून पाहावी. रंग मऊ पडून चिंधीला लागला, तर तीव्र थिनरचा प्रायमर त्याला सुरकुत्या पाडू शकतो.

रोलरने फवारा उडत नाही, पण पॉलियुरेथेन प्रायमरच्या हार्डनरमधील आयसोसायनेट हे रसायन वाफेतून आणि त्वचेवाटेही अपाय करते. हातमोजे आणि खेळती हवा हवीच. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही.