बगलेत उभा असलेला प्रत्येक जण विंगर नसतो

१३ मार्च २०२१. मडगावचं फातोर्डा स्टेडियम, कोविडमुळे रिकामे स्टँड, आणि आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान १-१ बरोबरीत. नव्वदावं मिनिट. बागानचा गोलरक्षक चेंडू अडवायला गोल सोडून पुढे येतो, त्याची चूक होते आणि चेंडू मुंबईच्या बार्थोलोम्यू ओगबेचेला मिळतो. ओगबेचे म्हणजे हाडाचा स्ट्रायकर, गोलसमोर मधोमध खेळून गोल करणारा. तरी तो स्वतः न मारता चेंडू आत देतो. तिथे बिपिन सिंग पोचलेला असतो, मुंबईचा विंगर, म्हणजे बगलेत, मैदानाच्या कडेने खेळणारा. बिपिन चेंडू सावरतो आणि जाळ्यात मारतो. मुंबई पहिल्यांदा विजेती.

पास दिला स्ट्रायकरने आणि गोल केला विंगरने. असे गोल बघितले की साहजिकच प्रश्न पडतो, मग या दोघांत फरक तो काय राहिला? टीव्हीवर संघ दाखवताना तर प्रश्न आणखी अवघड होतो. ४-३-३ मध्ये, म्हणजे चार बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि पुढे तीन अशा मांडणीत, पुढच्या तिघांपैकी कडेचे दोघे एका ओळीत, एकसारख्या ठिपक्यांनी दाखवतात आणि समालोचक दोघांनाही विंगर म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्यातला एक विंगर असतो आणि दुसरा कडेवरून सुरुवात करून गोलकडे धावणारा फॉरवर्ड. दोघांची कामं वेगळी, सवयी वेगळ्या. माझ्या मते त्यांचा फॉर्म मोजायची पट्टीही वेगळी हवी. ही शेवटची गोष्ट आपण प्रेक्षक फार कमी वेळा लक्षात घेतो आणि त्यात चांगल्या विंगरवर अन्याय होतो.

ओळखायची माझी एक साधी खूण आहे. चेंडू विरुद्ध बाजूला असताना हा खेळाडू कुठे आहे ते बघायचं. विंगर आपल्या बाजूच्या रेषेजवळ थांबलेला दिसेल. त्याला चेंडू पायात हवा असतो, समोर फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू हवा असतो आणि पळायला जागा हवी असते. फॉरवर्ड मात्र एव्हाना रेषा सोडून आत सरकलेला असतो. फुलबॅक आणि सेंटरबॅक (मधला बचावपटू) यांच्यामधली फट त्याने हेरलेली असते आणि क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर येणारा चेंडू, सुटायच्या आत त्याला गोलच्या लांबच्या खांबाजवळ पोचायचं असतं. उभे राहताना दोघे एकाच जागी होते. धाव कुठे संपते, त्यावर कोण कोण ते ठरतं.

पायावरून ओळखायला गेलं तर फसगत होते. पूर्वी हिशोब सोपा होता. उजव्या पायाचा खेळाडू उजव्या बगलेत, बाहेरून फुलबॅकला चकवायचं, रेषेपर्यंत जायचं आणि क्रॉस टाकायचा. ब्राझीलचा गारिंचा १९५८ आणि १९६२चे विश्वचषक असाच खेळला. तो बाहेरूनच जाणार हे बचावपटूला माहीत असायचं, तरी तो जायचाच. आता उजव्या बगलेत डाव्या पायाचा खेळाडू सर्रास दिसतो. आर्येन रॉबेन किंवा मोहम्मद सलाह आत वळले की चेंडू आपोआप मारायच्या पायावर येतो. म्हणून उलट्या पायाचा तो फॉरवर्ड, असा समज झाला आहे. पण जॅक ग्रीलिश बघा. उजव्या पायाचा, डाव्या बगलेत खेळणारा. मँचेस्टर सिटीने २०२१ मध्ये त्याच्यासाठी १० कोटी पौंड मोजले. २०२२-२३ मध्ये सिटीने तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये त्याचे गोल होते पाच. एवढ्या पैशांत पाच गोल, अशी टीका झाली. पण त्याला नेमून दिलेलं काम होतं चेंडू घेऊन डाव्या कडेला थांबण्याचं. दोन माणसं अंगावर ओढून घ्यायची, चेंडू गमवायचा नाही, आणि तेवढ्या वेळात बाकीचा संघ आपापल्या जागी पोचतो. आधीच्या क्लबात, ॲस्टन व्हिलात, मनाला येईल तसा खेळणारा मुलगा इथे संघाचा श्वास सांभाळत होता. ते काम त्याने उत्तम केलं, आणि ते विंगरचंच काम होतं.

विंगरची उपजत ओढ असते समोरच्या एका माणसाला हरवायची. चेंडू पायात आला की त्याला तो सामना खेळायचाच असतो. फॉरवर्डची ओढ चेंडू नसताना दिसते. तो बचावपटूच्या पाठीमागच्या बाजूला, त्याला दिसणार नाही असा उभा राहतो. एक पाऊल मागे, मग अचानक दोन पावलं पुढे. सामन्यात अशा दहा धावा वाया जातात आणि अकराव्या धावेला चेंडू येतो. दहा धावा वाया गेल्यावरही अकरावी तितक्याच जोरात घेणं, हाच फॉरवर्डचा खरा स्वभाव.

हा स्वभाव शिकवता येतो का? थोडाफार येतो. मँचेस्टर सिटीच्या २०१७-१८च्या मोसमात उजव्या पायाचा स्टर्लिंग उजवीकडे आणि डाव्या पायाचा साने डावीकडे, दोघेही रेषेला चिकटून. मांडणी अगदी जुन्या विंगरांची. फरक एवढाच की एकाने खाली क्रॉस दिला की दुसरा लांबच्या खांबाशी हजर. स्टर्लिंगने त्या मोसमात लीगमध्ये १८ गोल केले, त्यातले कितीतरी गोलपासून हाताच्या अंतरावरचे. लोक म्हणायचे, रिकाम्या जाळ्यात कोणीही मारेल. मारेल ना, पण तिथे पोचेल कोण? शंभर गुण आणि १०६ गोल मिळवणारा तो संघ पुन्हा बघताना मी आजही चेंडूकडे न बघता दुसऱ्या बाजूच्या विंगरकडे बघतो.

आता फॉर्म. फॉरवर्डचा फॉर्म धावफलकावर दिसतो. गोल येताहेत की नाहीत, संपलं. तो लहरीही असतो, चार सामन्यांत सहा गोल आणि पुढच्या सहात एकही नाही. विंगरचा फॉर्म पहिल्या टचमध्ये असतो, फुलबॅकच्या घाबरण्यात असतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. इंग्लंडमधल्या एफए कप स्पर्धेचा १९५३चा अंतिम सामना याचा सगळ्यात लख्ख पुरावा. ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन, वेम्बली. ब्लॅकपूल १-३ असं मागे होतं आणि ४-३ने जिंकलं. ब्लॅकपूलच्या स्टॅन मॉर्टेन्सनने तीन गोल केले, शेवटचा विजयी गोल बिल पेरीचा. पण इंग्लंडमध्ये तो सामना आजही ओळखला जातो मॅथ्यूजचा सामना म्हणून. उजव्या बगलेतला स्टॅन्ली मॅथ्यूज तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि त्या दिवशी त्याने एकही गोल केला नाही. शेवटच्या टप्प्यात त्याने बोल्टनची डावी बाजू खिळखिळी केली आणि पेरीचा गोलही त्याच्याच पासवर झाला. हॅटट्रिक करणाऱ्याऐवजी विंगरचं नाव सामन्याला मिळालं, कारण बघणाऱ्यांना कळलं होतं की सामना कुणी फिरवला. आज मोबाइलवर फक्त गोलांचा आकडा बघून मत बनवणाऱ्याला ते कळलं असतं का, शंका वाटते.

व्हिनिसियस ज्युनियरचं उलट झालं. २०१८ मध्ये, अठराव्या वर्षी, तो रेआल माद्रिदला आला तेव्हा चकवणं जन्मजात होतं. फुलबॅक हैराण व्हायचे. पण २०१९-२० मध्ये ला लीगात तीन गोल आणि २०२०-२१ मध्येही तीनच. मग २०२१-२२ मध्ये, कार्लो आन्चेलोत्तीच्या हाताखाली, एकदम १७. सूर गवसला असं आपण म्हणतो. मला मात्र वाटतं, इथे सुरापेक्षा भूमिका बदलली होती. विंगरच्या अंगात फॉरवर्डची सवय मुरली होती. २८ मे २०२२, पॅरिस, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. उजवीकडून रेआलच्याच व्हाल्वेर्देने खालून जोरात चेंडू मारला आणि लांबच्या खांबाशी व्हिनिसियस एकटा उभा होता. सामन्यातला एकमेव गोल. ना ड्रिबल, ना पायांचं कसब. फक्त वेळेवर पोचणं.

पण कोणी कुठे थांबायचं हे शेवटी प्रशिक्षक सांगतो. त्याच्या सूचनेपाशी आलं की मला सगळ्यात जास्त तिएरी आँरीबद्दल बोलावंसं वाटतं, कारण त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीत ही सगळी गोष्ट आहे. मोनाकोत तो विंगर होता. युव्हेंटसमध्येही कडेलाच अडकला आणि कोमेजला. १९९९ मध्ये आर्सेन वेंगरने त्याला आर्सेनलमध्ये आणून स्ट्रायकर केलं. पहिले आठ सामने गोल नाही. मग साउथॅम्प्टनविरुद्ध पहिला गोल आला आणि मोसम संपला तेव्हा सर्व स्पर्धांत मिळून २६ झाले होते. आर्सेनलसाठी शेवटचा आकडा २२८. वेंगरने त्याच्यातला विंगर मात्र मारला नाही. आँरी डावीकडे सरकायचा, तिथून वेग घेऊन आत यायचा आणि उजव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात चेंडू ठेवायचा. सूचना आणि स्वभाव एकाच दिशेने वाहत होते.

२००७ मध्ये तो बार्सिलोनाला गेला आणि पुढच्या वर्षी पेप ग्वार्दिओला प्रशिक्षक झाला. आता हुकूम उलटा. डाव्या रेषेजवळ थांबायचं आणि चेंडू तुझ्याकडे येईपर्यंत जागा सोडायची नाही. यामागचं गणित पक्कं आहे. विंगर रेषेवर उभा असेल तर फुलबॅकला त्याच्याजवळ राहावं लागतं, त्यामुळे फुलबॅक आणि सेंटरबॅक यांच्यात अंतर पडतं आणि मधल्या खेळाडूला शिरायला वाट मिळते. विंगरला पंधरा मिनिटं चेंडू मिळाला नाही तरी त्याचं काम चालूच असतं. पण हे काम अशा माणसाला सांगितलं होतं ज्याने आठ वर्षं स्वतःच्या मनाने धावून गोल केले होते. आँरीने पुढे टीव्हीवर एक प्रसंग सांगितला. एका सामन्यात त्याला राहवलं नाही. तो डावी बाजू सोडून दुसरीकडे गेला आणि गोलही केला. मध्यंतराला ग्वार्दिओलाने त्याला बाहेर बसवलं. गोल करूनसुद्धा! मला पहिल्यांदा हे फार निष्ठुर वाटलं होतं. आता वाटतं, तो गोल चालवून घेतला असता तर पुढच्या सामन्यात तिघांनी जागा सोडली असती. २००८-०९च्या त्या मोसमात आँरी आणि त्याचे आघाडीतले साथीदार मेस्सी व एतो यांनी मिळून १०० गोल केले. त्यातले २६ रेषेवर थांबायला शिकलेल्या आँरीचे.

सॅम्युएल एतोला यापेक्षा कठीण काम मिळालं. तो अस्सल स्ट्रायकर. २ मे २००९ रोजी माद्रिदमध्ये बार्सिलोनाने रेआलला ६-२ हरवलं, तेव्हा ग्वार्दिओलाने मेस्सीला मध्ये आणलं आणि एतोला उजव्या बगलेत पाठवलं. पुढच्या वर्षी तो इंटर मिलानकडून खेळत होता, प्रशिक्षक जोझे मोरिन्यो. २८ एप्रिल २०१० रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना बार्सिलोनाच्याच मैदानावर होता. पहिला सामना इंटरने ३-१ जिंकलेला. २८व्या मिनिटाला इंटरच्या थिआगो मोत्ताला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला तासभर एतो कडेला जवळजवळ फुलबॅक होऊन खेळला. जगातल्या सर्वोत्तम गोलवीरांपैकी एक, आणि स्वतःच्या गोलसमोर क्रॉस अडवतोय. इंटर ०-१ हरलं, पण एकूण ३-२ने अंतिम फेरीत गेलं आणि तिथे बायर्नला नमवलं. तो तासभराचा खेळ मला त्याच्या अनेक गोलांपेक्षा मोठा वाटतो.

तरी प्रत्येक फॉरवर्डला असं मागे आणावं असं नाही. २०२४-२५ मध्ये सलाहने लिव्हरपूलचा प्रशिक्षक आर्ने स्लॉट याच्याकडे उलट मागणी केली. बचावाचा भार थोडा कमी करा, पुढे मी भरून देतो. स्लॉटने ऐकलं. सलाहने लीगमध्ये २९ गोल केले, १८ गोलांसाठी पास दिले आणि लिव्हरपूल विजेते झाले. फुलबॅकच्या मागे सत्तर मीटर पळून आलेल्या माणसाच्या पायात अकराव्या धावेसाठी ताकद उरत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्याच्या वाटचं पळणं त्याच बाजूच्या मध्यरक्षकाला पळावं लागलं, हेही सांगायला हवं. अशी सूट एकाच संघातल्या दोन खेळाडूंना एकाच वेळी देता येत नाही.

आपल्याकडचा अनिकेत जाधव कोल्हापूरचा. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताच्या आघाडीच्या फळीत होता, पुढे आयएसएलमध्ये त्याला बहुतेक वेळ बगलेत खेळावं लागलं. आयएसएल क्लबांचे मधले स्ट्रायकर बहुधा परदेशी असतात, त्यामुळे गोल करायची सवय असलेली आपली मुलं कडेला जातात. जागा मिळते, पण वर्षानुवर्षं अंगात मुरवलेली धाव बदलावी लागते आणि बाहेरून बघणारा म्हणतो, गोल आटले.

रविवारी सकाळी मी पुण्यात एका मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलांचे सामने बघायला जातो, कधी कधी त्यांचा सरावही घेतो. तिथे उजव्या बगलेत खेळणारा एक बारकासा मुलगा आहे, पाय विजेसारखे. मागच्या सामन्यानंतर तो मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. त्याचे बाबा रेषेबाहेरून तासभर "अरे आत जा, मार की!" असं ओरडत होते, आणि त्याच्या नावावर ना गोल होता, ना पास.

मी त्याच्याजवळ बसलो आणि विचारलं, "त्यांचा तो उंच लेफ्टबॅक पहिल्या दहा मिनिटांत तीनदा वर आला होता, आठवतंय? नंतर किती वेळा आला?"

त्याने थोडा वेळ आठवून बघितलं. "नाही आला, सर. एकदाही नाही."

"का नाही आला?"

तो काही बोलला नाही. पण मान वर झाली आणि त्याने मैदानापलीकडे त्या उंच मुलाकडे बघितलं.