जुनं पाणी जपलं, स्पंज मात्र धुतला
घर बदलताना फिशटँकचं सगळं जुनं पाणी कॅनमध्ये भरून न्यावं, म्हणजे उपयोगी जिवाणू टिकतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खरं तर पाण्यात ते फारच थोडे असतात. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे हे जिवाणू चिकटून राहतात ते फिल्टरच्या स्पंजला आणि तळाच्या खड्यांना. गंमत म्हणजे पाणी जपणारी मंडळीच तो बुळबुळीत, तपकिरी स्पंज नळाखाली खसाखसा धुतात आणि त्यातल्या जिवाणूंना नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनच्या तोंडी देतात! नेताना स्पंज एका डब्यात, टँकच्याच पाण्यात ओला ठेवा. डबा गच्च भरू नका, हवा राहू द्या. माशांच्या पिशवीतही पाणी साधारण एक तृतीयांश, बाकी हवा. आदल्या दिवसापासून खाणं बंद. उपाशी मासा पाणी कमी घाण करतो.