आत्याचा दुसरा पॉझिटिव्ह

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, १२ एप्रिल २०२१ला, डोंबिवलीच्या आमच्या आत्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. चार दिवस ताप आला, आठवडाभर वास गेला, मग सगळं ठीक. १८ मे रोजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी दवाखान्याने पुन्हा आरटी-पीसीआर करायला लावली, तीही पॉझिटिव्ह. ऑपरेशन रद्द झालं. संध्याकाळपर्यंत सोसायटीने दारावर कागद डकवला आणि दूधवाल्याने पिशवी जिन्यातच ठेवायला सुरुवात केली. आत्या फोनवर म्हणाली, "अरे, महिन्याभरापूर्वीच झाला ना मला? मग परत कसा काय?"

मी तिला दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवायला सांगितले. दोन्हींवर लाल अक्षरांत 'पॉझिटिव्ह' होतं. पण खाली बारीक अक्षरांत एक आकडा असतो, सीटी व्हॅल्यू. पहिल्या रिपोर्टवर तो २० होता, दुसऱ्यावर ३४. सगळी गोम या आकड्यात आहे, आणि ती समजायला पीसीआरच्या पोटात शिरावं लागतं. मला स्वतःला या तंत्राचं जरा वेडच आहे, तेव्हा थोडं सोसा.

कोरोना विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या एका लांबलचक धाग्यावर असते. सुमारे ३०,००० अक्षरांचा हा धागा. नाक-घशातून घेतलेल्या स्वॅबमधल्या आरएनएची आधी डीएनए प्रत काढतात, कारण पुढची यंत्रणा डीएनएवरच चालते. मग ते मिश्रण ९५ अंशांपर्यंत तापवलं की डीएनएच्या दोन पट्ट्या सुट्या होतात. तापमान ६०च्या आसपास उतरवलं की प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपल्या जोडीची अक्षरं शोधून तिथे चिकटतात, आणि तिथून एक विकर (एन्झाइम) नवी पट्टी विणत जातं. एका तुकड्याचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा, दोनाचे चार.

आता ९५ अंशांना कुठलंही साधं विकर उकडलेल्या अंड्यासारखं निकामी होईल. म्हणून इथे वापरतात ते विकर मुळात थर्मस अॅक्वॅटिकस या जिवाणूचं. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यांत तो सापडला. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांत लोक पाय बुडवून बसतात. याच्या झऱ्यात बसणाऱ्याची कातडी सोलून निघेल. अशा पाण्यात सुखाने राहणाऱ्या जिवाणूचं विकर उकळीला डगमगत नाही.

प्रत्येक फेरीत दुप्पट म्हणजे १० फेऱ्यांत १,०२४ पट. सगळं अगदी बिनचूक चाललं तर ४० फेऱ्यांत एका तुकड्याचे एक लाख कोटींहून जास्त! प्रत्येक नव्या प्रतीबरोबर एक चमकणारा रेणू मोकळा होतो. ही चमक यंत्राला पहिल्यांदा स्पष्ट दिसते ती फेरी म्हणजे सीटी. मुळात माल भरपूर असेल तर चमक लवकर दिसते, आकडा लहान येतो. आत्याचा आकडा २० वरून ३४ वर गेला, म्हणजे १४ फेऱ्यांचा फरक. दोनाचा चौदावा घात १६,३८४. स्वॅब कसा घेतला, किट कुठलं होतं यावर आकडा थोडाफार हलतो, पण ढोबळमानाने दुसऱ्या खेपेला तिच्या नाकात पहिल्याच्या सोळा हजारांश आरएनए होता.

आणि आरएनए म्हणजे विषाणू नव्हे. चाचणी सगळी ३०,००० अक्षरं वाचतच नाही, ती शंभरेक अक्षरांचा एखाद-दुसरा पट्टा शोधते. अख्खा, जिवंत विषाणू असो की मेलेल्या पेशींबरोबर झडणारा त्याचा कपटा, पीसीआरला दोन्ही सारखेच. विसर्जनानंतर आठवडाभर सोसायटीच्या आवारात मखराचे तुकडे सापडतात. म्हणून गणपती अजून बसलेत असं कोणी म्हणत नाही.

हा घोळ नीट तपासला दक्षिण कोरियाने. २०२०च्या वसंतात तिथे बरे झालेले लोक पुन्हा पॉझिटिव्ह येऊ लागले आणि जगभर घबराट पसरली. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने अशा २८५ जणांचा आणि त्यांच्या संपर्कातल्या ७९० जणांचा माग काढला. १०८ जणांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवून पाहायचा प्रयत्न केला, एकातही तो वाढला नाही. त्यांच्यापासून दुसऱ्या कोणाला लागण झाल्याचंही आढळलं नाही. आपल्याकडे ८ मे २०२० पासूनच सौम्य रुग्णाला घरी सोडताना पुन्हा चाचणीची अट नव्हती. तरीही 'निगेटिव्ह दाखवा, मगच या' म्हणणारी ऑफिसं पुढे वर्षभर होतीच.

याचा अर्थ पुन्हा लागण होतच नाही असा मुळीच नाही. हाँगकाँगच्या ३३ वर्षांच्या एका माणसाला १४२ दिवसांनी पुन्हा संसर्ग झाला. दोन्ही वेळच्या विषाणूंचे जनुकीय क्रम वेगळे निघाले, म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये तो सिद्ध झाला. मुंबईतल्या चार आरोग्य कर्मचाऱ्यांचा दुसरा संसर्गही असाच जनुकीय क्रमावरून पक्का झाला. ओमायक्रॉनने तर ताळतंत्रच सोडलं: स्पेनमधल्या एका आरोग्य कर्मचारी महिलेला डिसेंबर २०२१ मध्ये डेल्टा आणि २० दिवसांनी ओमायक्रॉन! क्रम वाचणं दर वेळी शक्य नसतं, म्हणून आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शास्त्रज्ञांनी पुन्हा लागणीची ढोबळ व्याख्या केली: दोन पॉझिटिव्हमध्ये किमान १०२ दिवस आणि मधे एक निगेटिव्ह. आत्याचे दिवस ३६.

मग सीटी जास्त असेल त्याला सरसकट निगेटिव्हच का म्हणू नये? महाराष्ट्रातून तशी विचारणा झाली होती, पॉझिटिव्ह धरायची मर्यादा ३५ वरून २४ वर आणावी का. एप्रिल २०२१ मध्ये आयसीएमआरने नाही म्हटलं, आणि बरोबरच म्हटलं. संसर्ग सुरू होतानाही आकडा मोठाच असतो, एक-दोन दिवसांत तो धाडकन उतरतो. ३४ ही पायरी चढतानाही लागते आणि उतरतानाही. एकट्या आकड्यावरून दिशा कळत नाही. आधीचा आजार, लक्षणं आणि एक-दोन दिवसांनी दुसरा नमुना, एवढं लागतं.

(त्या आठवड्यात आत्याच्या गळ्यात शेजारच्या काकूंनी कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी बांधली होती, ऑक्सिजन वाढतो म्हणून. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही हलत नाही. तिचा आधी ९८ होता, नंतरही ९८.)

दोन दिवसांनी तिने पुन्हा स्वॅब दिला. सीटी ३६ आला, म्हणजे ३५च्या रेषेपलीकडे, कागदोपत्री निगेटिव्ह. ३४ ते ३६ या प्रवासात तिला शिंकही आली नाही. जूनमध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर दारावरचा कागद तिने पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचला. तो काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.